शिशाच्या विटेला हळदकुंकू

वडिलांची फोर्ट विल्यमला बदली झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. कलकत्त्यात नीट रुळायच्या आतच माझ्या जांघेत गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, किरणांनी पोरगी बरी होईल, पण बीजांडकोश जळाले तर पुढे मूल होणार नाही. म्हणून आधी शस्त्रक्रिया करून ते गर्भाशयामागे टाचायचे आणि किरण देताना तेवढ्या जागेवर शिशाची वीट धरायची. वाचले की नाही, ते पाळी आली म्हणजे कळणार.

मला वडिलांनी समजावलं, "तुझ्या पोटातल्या दोन कर्मचाऱ्यांची बदली होतेय. आतल्या आतच आहे, सामान बांधायला नको."

आई हसली नाही. ती सोवळ्याओवळ्याची कडक. महिन्यातले चार दिवस दाराबाहेर बसून वडिलांना आमटीची फोडणी शिकवायची, आणि ते दरवेळी मोहरी जाळायचे. लोणच्याच्या बरणीकडे तर ती त्या दिवसांत बघायचीसुद्धा नाही.

किरणांच्या पहिल्या दिवशी माझ्या पोटावरच्या फळीवर वीट मांडून झाली. फ्रॉक सारखा करायच्या निमित्ताने आई पुढे आली, कमरेची पुडी सोडली आणि विटेला हळदकुंकू लावून मोकळी झाली.

"बौदी, ये क्या किया?" बंगाली डॉक्टर ओरडले; बौदी म्हणजे वहिनी.

"हम दसरे को हत्यार पूजता है," आईने आपल्या खास हिंदीत बजावलं. "ये मेरे लडकी का हत्यार है."

डॉक्टरांना हसू आवरेना. "हम भी विश्वकर्मा पूजा में इस मशीन को माला पहनाते हैं. लेकिन बौदी, आपका हत्यार हिल गया!" त्यांनी सगळं पुन्हा मापून वीट जागेवर आणली. दुसऱ्या दिवसापासून कुंकू माझ्या कपाळावर आलं.

गाठी गेल्या. आई कुणाला काही विचारायची नाही, फक्त माझे परकर धुताना नको तितका वेळ लावायची. वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. मलाही तिच्याकडे बघवेना.

मग एका दुपारी मी शहाण्यासारखी दाराबाहेर जाऊन बसले. आईने कारण विचारलं. मी सांगितलं, तशी ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मला आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. तिने मला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं, फळीवरची लोणच्याची बरणी काढून माझ्या हातात दिली.

"आज तूच वाढ."

"अगं, लोणचं नासेल ना?" वडील म्हणाले.

"नासू दे मेलं!"