नळीतला गुलाबी रंग

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी उस्ताद शेवटच्या नळापाशी उभा होता. उन्हाकडे पाठ, काचेची नळी स्वतःच्या सावलीत. पाण्यातलं क्लोरीन उघड्यावर असंच बघायचं असतं. नळीत पाणी घ्यायचं, एक गोळी टाकायची आणि येईल तो गुलाबी रंग रंगपट्टीशी ताडायचा. रंग जितका गडद, तितकं क्लोरीन जास्त. हे करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि पाणीखात्यात त्याच्या आकड्यावर कोणी ब्र काढत नसे.

आज त्याच्या गालात कापूस होता. सकाळीच अक्कलदाढ काढली होती. सुई दिसली की हा माणूस खुर्चीतून उठून चालू पडे. असा तो दोनदा पळाला होता. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शिरेतून गुंगीचं औषध दिलं आणि निघताना त्याच्या बायकोला बजावलं, "शुद्धीवर आल्यासारखे वाटतील, गप्पाही मारतील. पण उद्यापर्यंत गाडी नाही, काम नाही. लक्ष मध्येच सुटतं आणि सुटलं हे त्यांना कळत नाही."

"यांना एरवी तरी कुठे कळतं," बायको म्हणाली.

घरी तो थोडा वेळ लवंडला, उठला आणि पिशवी खांद्याला लावली.

"अहो, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"मग फेरी कोण करणार? शून्य?"

शून्य म्हणजे टाकीवर क्लोरीनचा पंप चालवणारा. हे नाव उस्तादनेच ठेवलेलं. नोकरीला लागल्या लागल्या त्याच्या हातून एक चूक झाली होती. पाण्यात क्लोरीन फारच जास्त असेल तर नळीत गुलाबी रंग क्षणभर चमकतो आणि स्वतःच उडून जातो. मागे उरतं साधं, स्वच्छ पाणी. शून्याने उशिरा पाहिलं, पाणी नितळ दिसलं, आणि तो म्हणाला, "शून्य आहे, वाढवा." उस्तादने वेळीच थांबवलं. त्यानंतर हा किस्सा त्याने कुठे सांगितला नाही असं ठिकाण नाही. शून्याच्या लग्नाच्या पंगतीत, नव्या नवरीसमोरही सांगितला. पंगत हसून लोळली. शून्यही हसला होता.

उस्तादने गोळी टाकली. नळीचं टोपण हातातून निसटलं. ते घरंगळत गटाराच्या कडेला थांबलं, त्याने वाकून उचललं, शर्टाला पुसलं. किती वेळ पुसत होता ते त्याला पुढेही सांगता आलं नाही. मान वर केली तेव्हा नळी नितळ होती. पाण्याला उग्र वास होता, पण त्याच्या नाकात सकाळपासून दवाखानाच बसला होता.

त्याने टाकीवर फोन लावला. "शून्य आलंय. वाढव."

"उस्ताद, नीट बघितलंत ना?"

"तू मला विचारतोस?"

"नाही, नाही. तुमचा आकडा म्हणजे आकडा," शून्य म्हणाला आणि फोन ठेवला.

लगेच बहिणीचा फोन आला. तिचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. रोज फेरी संपली की ती आकडा विचारायची आणि त्या हिशेबाने पाण्यातलं क्लोरीन मारणारे थेंब घालून माशांच्या टाक्या भरायची. वर्षभर जपलेले मासे दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं.

"आज किती, दादा?"

"काही नाही आज. थेंब घालूच नकोस, तसंच ओत."

तिने तसंच ओतलं. वास तिलाही आला होता. पण दादाचा आकडा होता.

संध्याकाळी तो दुकानात पोचला तेव्हा मासे पाठीवर तरंगत होते, तोंडं उघडी. बहीण जाळीने एकेक काढून बादलीत टाकत होती.

"तू म्हणालास, घालू नकोस," एवढंच ती म्हणाली. तेही त्याच्याकडे न बघता.

तिथून तो तडक टाकीवर गेला. शून्य जेवणाचा डबा धूत होता.

"पंप अडकला होता," त्याने आपणहून सांगितलं. "भसाभस क्लोरीन ओढत होता. तुमचा फोन आला तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. मग बंद केला, साहेबांना कळवलं, लोकांना पाणी भरू नका म्हणून गाडी फिरवली."

"मला नाही कळवलंस."

"तुम्हाला काय कळवायचं? तुम्ही तर बघितलं होतं."

"माझ्या बहिणीचं दुकान त्याच लाइनीवर आहे, हे तुला माहीत होतं."

"होतं की." शून्याने डबा झटकला. "चमकून गेला असणार, उस्ताद. नव्या माणसाचं होतं असं."

मागे दोन कामगार बसले होते. ते आधी खोकले, मग हसले.

साहेबांनी चौकशी लांबवली नाही. बायकोने गुंगीची गोष्ट सांगून पाहिली, त्याने नवऱ्याची आणखीच गोची झाली. मनाई असताना आला होता, हे त्यामुळेच कळलं. त्याला टाकी धुणाऱ्यांच्या पाळीवर घातलं.

उद्या सकाळी साडेसहाला तो झाडू घेऊन टाकीत उतरेल. नळांची फेरी शून्य करील. बहिणीने त्याचा नंबर आजच घेऊन ठेवला आहे; चार वाजता ती त्याला आकडा विचारेल.