वाढत्या मापाचा फ्रॉक

गल्लीत तिला सगळे शिवणमावशी म्हणत. लहान मुलांचे कपडे शिवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे, आणि फटकळपणातही. मुलगा सैन्यात होता, सीमेपलीकडे लढाईवर. तिकडच्या एका गावात शाळेवर तोफगोळे पडून मुलं गेल्याची बातमी आली, आणि मावशीला एकच प्रश्न छळू लागला: आपला तिथे होता का? फोनवर तो म्हणाला, "त्या गावात आम्ही गेलोच नाही." तिने विश्वास ठेवला. म्हणजे, ठेवायचा प्रयत्न केला.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ती चौकात उभी राहू लागली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. सोबत दोन-चार बायका, आणि प्रत्येकीच्या हातात मावशीने त्या शाळेतल्या गेलेल्या मुलांच्या नावाने शिवलेला एकेक कपडा. एवढ्यानेच लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "स्वतःचा पोरगा तिकडे जिवावर उदार, आणि ही शत्रूच्या पोरांचे लाड करतेय." गणवेशाची कामं आटली. रोज चहाला टेकणाऱ्या शेजारणी रस्ता बदलून जाऊ लागल्या. "बरं झालं, चहापत्ती वाचली," मावशी म्हणायची. एकटी असताना मात्र मशीनच्या घरघरीत तिला वर्गातला गलका ऐकू यायचा, आणि मशीन थांबवायची तिला भीती वाटायची.

एकदा सोबतच्या निवृत्त नर्सबाईंनी फ्रॉक उलटा करून पाहिला. घेराला आत चांगली चार बोटं पट्टी दुमडलेली, कडेच्या शिवणीतही कापड राखलेलं.

"अगं, यात माया कशाला सोडलीस?"

मावशीने दुमडलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. लेकराचा कपडा वाढत्या मापाचाच शिवायचा, मूल उंच झालं की पट्टी उसवून खाली सोडायची. हात आपला सवयीने चालला होता. घरी येऊन ती कात्री घेऊन बसली, पण ती माया काही तिच्याच्याने कापवेना. तशीच राहू दिली.

मग मुलगा सुट्टीवर आला. जेवला, झोपला, कामापुरतं बोलला. प्रश्न मावशीच्या ओठांपर्यंत यायचा आणि मागे फिरायचा. भर चौकात शिव्या खाऊन न डगमगणारी बाई पोटच्या पोराला बिचकत होती. एका दुपारी तोच मशीनपाशी आला. खुंटीवरचा फ्रॉक काढून त्याने दोन्ही हातांवर आडवा धरला, झोपलेलं मूल धरावं तसा.

"आई, याची उंची कमी कर. एवढी नव्हती ती."

"कोण रे?"

त्याने मान वर केली नाही. "दप्तर पाठीवर तसंच होतं. मीच तिला वर्गातून बाहेर आणून ठेवली."

मावशीने फ्रॉक त्याच्या हातातून घेतला. काही केल्या सुईत दोरा जाईना. शेवटी त्यानेच तो ओवून दिला आणि तिच्या पायाशी बसून राहिला.