सासूबाईंची भुवई

नऊ वर्षं चाललेल्या त्या विनोदी वेब मालिकेचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘कानसेन’ म्हणत. चित्रीकरण दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांच्या खऱ्या फ्लॅटमध्ये चाले. खरं घर म्हटलं की खरे आवाज आलेच. शॉटआधी पंखे बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायचा राहून घरमालकिणीचं दूध दोनदा नासलं, तेव्हापासून कानसेन फ्रिज बंद करताना आपल्या स्कूटरची किल्ली आत अंड्यांच्या खणात ठेवत. निघताना किल्ली शोधली की फ्रिज आठवलाच.

असा हा व्यवस्थित माणूस. पण गेली दोन वर्षं त्यांचे कानच दगा देत होते. बोलणं सगळं कळे. बारीक, उंच आवाज तेवढे गळून जात. पहिल्यांदा ते घरीच उघडं पडलं.

“मशीन कधीचं टीटी करतंय,” बायको म्हणाली. “कपडे काढा की.”

“उठतोच आहे,” कानसेन म्हणाले. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दिला. त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालून पुढे जिना उतरल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावा. कानसेनांनी कागदाची चार घड्यांची पुडी करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात घातली. ध्वनिमुद्रकाच्या कानाला यंत्र, म्हणजे आचाऱ्याने डबा लावण्यासारखं. ही मालिका सुटली तर या वयात दुसऱ्या सेटवर कोण उभं करणार?

मग त्यांनी एक युक्ती काढली. मालिकेत सासूचं काम करणाऱ्या बाईंना सेटवरही सगळे सासूबाईच म्हणत. त्यांचे कान फार तिखट. खोलीत कुठे बारीक शीळ वाजत असली की त्यांची डावी भुवई चढे. भुवई चढली की कानसेन “थांबा” म्हणत आणि दिवे, चार्जर एकेक करून बंद करत जात. भुवई उतरली की ओके. लोक म्हणत, “काय कान आहे!” कानसेन नुसती मान डोलावत.

दीडशेवा भाग आला तेव्हा दिग्दर्शिका बाईंनी जाहीर केलं, “हा भाग अख्खा गाण्यात. भांडणसुद्धा गाण्यात. आणि नुसते ओठ हलवायचे नाहीत, जागेवर गायचं.”

“मी गायले तर वरचे भाडेकरू घर सोडतील,” सुनेचं काम करणारी म्हणाली.

“सोडू देत बाई. त्यांच्या खुर्च्या सरकवण्यापायी आपले किती शॉट गेलेत,” सासूबाई म्हणाल्या.

सकाळी आंघोळीला आधी कोणी जायचं, यावर सासूसुनेचं भांडण होतं. सासूबाईंनी पहिली ओळ घेतली आणि चहाचा कप हातात असलेला माणूस कप धरूनच उभा राहिला. बाई तरुणपणी रीतसर गाणं शिकल्या होत्या. नऊ वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. कानसेनांनी सवयीने भुवईकडे पाहिलं. सासूबाई डोळे मिटून गात होत्या. दोन्ही भुवया सुराबरोबर वरखाली होत होत्या. त्यातून वाचायचं काय?

शॉट संपला. “कानसेन?” दिग्दर्शिका बाईंनी विचारलं.

“ओके.”

सगळ्यांना ऐकायला म्हणून गाणं स्पीकरवर लावलं. दोन ओळी झाल्या आणि सुनेने हवेत हात मारला. “डास आहे का इथे?”

“डास कसला, शीळ आहे. पहिल्यापासून आहे,” दिग्दर्शिका म्हणाल्या आणि कानसेनांकडे वळल्या. “तुम्हाला ऐकू येत नाहीये?”

“चूक माझी,” सासूबाई मध्येच म्हणाल्या. “गाताना माझे डोळे मिटतात. भुवई द्यायची राहिली.”

“द्यायची?” कानसेन म्हणाले.

“मग काय! दोन वर्षं चढवून चढवून कपाळाला कायमची आठी पडलीय. मेकअपवाली रोज माझ्या नावाने खडे फोडते.”

मेकअपवाली तेवढी हसली. कानसेनांनी बॅगेतला कागद काढला, घड्या उलगडल्या आणि दिग्दर्शिका बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उभा-आडवा धरून पाहिला.

“दोन वर्षं? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? हा टेक परत मिळणार आहे का?”

“नाही मिळणार.”

“पुढच्या आठवड्यात यंत्र लावून या. तोवर प्रत्येक शॉटआधी सासूबाई हेडफोन लावून खोली ऐकतील. सगळ्यांसमोर. भुवया बंद. आणि पुन्हा काही लपवलंत, तर मी दुसरा माणूस बघेन.”

कानसेनांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा आपले हेडफोन दुसऱ्याच्या हातात दिले. सासूबाईंनी ते लावले, खोलीभर मान फिरवली आणि म्हणाल्या, “चपलांच्या कपाटामागे चार्जर आहे कुणाचा तरी.”

निघाला तो कानसेनांचाच.

दुसऱ्या टेकला पहिल्याची सर आली नाही. सासूबाईंनीही ते मान्य केलं. पण स्वच्छ होता, तोच ठेवला.

संध्याकाळी कानसेनांनी फ्रिज चालू केला, गार किल्ली घेतली आणि घरी आले. बूट काढतानाच बायकोला म्हणाले, “मशीन झालं की मला हाक मारत जा. मला ते टीटी ऐकू येत नाही.”

“ते मला केव्हाचं ठाऊक आहे,” बायको म्हणाली. “आत्ता झालंय. कपडे काढा.”