कानबाईच्या रविवारी रिकामी बाग

“रविवार सोडून कुठलाही वार सांगा,” मी म्हणाले.

“रविवारच हवा,” वैशालीताई म्हणाल्या.

“मग ती बाग सोडून दुसरी कुठली सांगा.”

“बागही तीच हवी.”

फोन स्पीकरवर होता. समोर आमचे मालक चहा पीत गालातल्या गालात हसत होते. सगळं ऑफिस त्यांना भाऊ म्हणतं. असली गिऱ्हाइकं ते मुद्दाम माझ्याकडे ढकलतात.

मी जळगावात एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात प्लॅनिंग बघते. लोकांना वाटतं, प्लॅनिंग म्हणजे बस बुक करणं. बस काय, कोणीही बुक करतं. आपली माणसं तिथे पोहोचतील तेव्हा तिथे किती गर्दी असेल, याचा अंदाज बांधायचा, हे खरं काम. अंदाज चुकला की शिव्या मला, बरोबर आला की कौतुक ड्रायव्हरचं. सवय झालीय.

वैशालीताई धुळ्यात स्वमग्न मुलांची एक छोटी शाळा चालवतात. या मुलांना आवाज आणि धक्के सोसत नाहीत. आपल्याला जो नुसता गलका वाटतो, त्याने ती अक्षरशः कासावीस होतात. कोणी कान दाबून धरतं, कोणी ओरडतं, कोणी जमिनीवर अंग टाकून देतं. बघणाऱ्यांना वाटतं, पोरं लाडावलेली आहेत.

मागच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी बसने त्यांनी मुलांना जळगावच्या बाहेरच्या त्या मोठ्या बागेत आणलं होतं. रविवार, भर दुपार. बागेत कमळाच्या तळ्यावर एक अरुंद लाकडी पूल आहे. गौरी नावाची दहा वर्षांची मुलगी पुलाच्या मध्यावर पोहोचली आणि दोन्हीकडून माणसं आली. ती तिथेच फळ्यांवर आडवी पडली आणि किंचाळायला लागली. लोक बाजूला झाले नाहीत. एकाने तर मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. परतीच्या वाटेवर गौरीची आई बसमध्ये रडत होती.

“संस्थेच्या कमिटीने आता एकच ट्रिप मंजूर केलीय,” वैशालीताई म्हणाल्या. “पुन्हा तसं झालं तर ट्रिपा कायमच्या बंद. मुलांनी शाळेच्या आवारातच राहावं म्हणतात.”

“आणि ती मुलगी?”

“रोज सकाळी आल्या आल्या मला विचारते, पूल? वर्षभर विचारतेय हो.”

मी म्हणाले, “बघते.”

फोन ठेवल्यावर भाऊ म्हणाले, “मनीषाताई, तुम्ही बघते म्हणालात म्हणजे अडकलात.”

अडकलेच होते. प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक माणूस हवं आणि घरची माणसं हमालीवर, दुकानात, कंपनीत कामाला. सुटी फक्त रविवारी. बाग उघडताच आत शिरावं म्हटलं, तर धुळ्याहून अंधारात निघावं लागणार. या मुलांची झोप मोडली की पुढचा सगळा दिवस बिघडतो. सगळ्यांना सांगते तो ‘सकाळी लवकर जा’ हा सल्ला इथे कुचकामी.

मग मी रेकीला गेले. रेकी म्हणजे ट्रिपच्या आधी स्वतः जाऊन जागा बघून येणं. रविवारी पुलाजवळच्या बाकावर बसले. फुगेवाले, रील काढणारी पोरं, डबे सोडून बसलेली कुटुंबं, एकमेकांना हाका मारणाऱ्या मावश्या. पूल क्षणभर मोकळा होईना. पुढच्या रविवारी क्रिकेटची मोठी मॅच होती. मोठ्या आशेने गेले. लोक पुलावर उभे राहून मोबाइलवर मॅच बघत होते. मी हात टेकले.

श्रावण तोंडावर आला होता. एके संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई माळ्यावरची पितळी भांडी खाली काढायला लावत होत्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. म्हणाल्या, “नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. आतापासून सांगून ठेवते, त्या दिवशी घरातलं कोणी बाहेर पाऊल टाकायचं नाही.”

माझ्या हातात परात होती, ती तशीच धरून मी उभी राहिले. कोणी बाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्याच घरातलं नाही, अख्ख्या खानदेशातलं.

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कानबाई ही आमची घराघरातली देवी. ती श्रावणातल्या रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी बायकांच्या डोक्यावर वाजतगाजत नदीवर विसर्जनाला जाते. तिच्यासाठी रोट करतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने गहू घेऊन दळायचे, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायच्या आणि त्या भाऊबंदांनीच खायच्या. त्यासाठी सुरतेला, पुण्याला गेलेली माणसं झाडून घरी येतात. बायका सकाळपासून चुलीपुढे. दिवाळीलाही आमची गावं इतकी भरत नाहीत. आणि त्या रविवारी आमच्या ऑफिसचा फोन वाजत नाही, हे मी इतकी वर्षं बघत होते. कारण माहीत होतं, पण उपयोग सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना ऐटीत सांगितलं. “कानबाईच्या रविवारी न्यायचं. बाग रिकामी असणार.”

भाऊंनी कप खाली ठेवला. “ताई, बाग रिकामी का असणार?”

“लोक घरी असणार म्हणून.”

“आणि तुमचे पॅसेंजर? ते बी लोकच शेतस ना?”

तोंडात मारल्यासारखं झालं. धुळ्याची ही कुटुंबं, त्यातली बहुतेकांकडे कानबाई. आमचे ड्रायव्हर तर बठ्ठे, म्हणजे सगळेच, कानबाईवाले. गर्दीचा सगळा हिशेब मी केला आणि आपलं गिऱ्हाईक त्याच गर्दीतलं आहे, हेच विसरले. वीस वर्षांचा अनुभव म्हणे! भाऊ दिवसभर मला बघून हसत होते आणि मला त्यांचा राग येत होता, कारण ते बरोबर होते.

तरी मी वैशालीताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “मला नाही वाटत कोणी येईल. पण गौरीच्या आईशी तुम्हीच बोला. तिने नाही म्हटलं तर विषय संपला.”

गौरीची आई म्हणजे रेखाताई. मी चाचरत विचारलं. आता ही आपल्याला चार शब्द सुनावणार, असं मी धरून चालले.

“ताई,” ती म्हणाली, “त्या दिन मना घरमा पाय ठेवाले जागा नही ऱ्हात.”

मग ती हळूहळू बोलत गेली. घरभर पाहुणे, मिक्सर, गाणी, पोरांचा दंगा. गौरीसाठी वर्षातला सगळ्यात वाईट दिवस तो. मागच्या वर्षी रेखाताई तिला घेऊन दिवसभर मागच्या खोलीत दार लावून बसली होती. बाहेर जावा रोट करत होत्या, गाणी म्हणत होत्या. घरची थोरली सून असून तिने कानबाईचं तोंडही पाहिलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, हिला देवाचंही काही नाही. हे सांगताना तिचा आवाज फुटला.

“तुम्ही तिला दिवसभर न्याल?” तिने विचारलं.

“नेऊ. पण बरोबर घरचं माणूस लागेल.”

“तिचे पप्पा येतील.”

“ते सांभाळतील?”

“नाही सांभाळत कधी,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी घरात पुरुषांना काम तरी काय असतं? नुसते पायात पायात येतात.”

फोन ठेवल्यावर मी टेबलावर हात आपटला. कानबाई बसते संध्याकाळी. तोवर बायकांना श्वास घ्यायला फुरसत नाही आणि पुरुष रिकामे! आया घरी राहतील, बाप येतील. संध्याकाळच्या आत बस धुळ्यात परत. वैशालीताईंनी एकेका घरी विचारलं. बहुतेक घरी रेखाताईसारखीच कहाणी निघाली. आयांनी हो म्हणायला वेळ लावला नाही. बापांना कोणी विचारलंच नाही म्हणे.

ड्रायव्हरचा प्रश्न आमच्याकडे अधूनमधून बदलीवर येणाऱ्या रफीकभाईंनी सोडवला. “मी नेतो. आमच्या गल्लीत सगळ्यांकडे कानबाई, त्या दिवशी गप्पा मारायलाही कोणी नसतं. हॉर्न नाही, गाणी नाही, वाटेत पारोळ्याला थांबणं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

राहिल्या अक्का. मी बागेत हजर राहणं भाग होतं आणि आमच्या घरीही रोट होते. बोलायला जीभ रेटेना. शेवटी सगळं सांगून टाकलं, गौरीच्या आईसकट. अक्का गहू निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “म्हणजे तू नसलीस तर त्या बाईची कानबाई होणार.”

“हो.”

“मग जा. रोट मी करते. दिवा लागायच्या आत ये.”

रविवारी मी बागेच्या गेटवर पोहोचले. पार्किंगमध्ये माझी स्कूटी आणि एक झोपलेलं कुत्रं. वॉचमन म्हणाला, “ताई, आज काय काम काढलं? तुमच्याकडे कानबाई नाही का?” मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

बस आली. आधी बाप उतरले. इस्त्रीचे शर्ट, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने मूल मनगटाला घट्ट धरलेलं, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. एकाने वैशालीताईंना हळूच विचारलं, “मॅडम, हा डब्यातलं आधी काय खातो?” त्यांनी उत्तर दिलं, हसल्या नाहीत. मोठ्या मनाची बाई.

मुलं आत गेली आणि मोकळी झाली. एकजण गुलाबाच्या वाफ्याभोवती गोल गोल फिरत राहिला. एकीने कारंज्याखाली तळवा धरला तो काढेचना. कोणी ‘चला, पुढे सरका’ म्हणणारं नव्हतं.

गौरी सरळ पुलाकडे निघाली. वडील मागे. तेवढ्यात पलीकडच्या वाटेने एक जोडपं आलं, नटूनथटून, बरोबर फोटोग्राफर आणि ड्रोन. लग्नाआधीचं शूटिंग, तेही नेमकं पुलावर. ड्रोनचा आवाज ऐकलाय ना तुम्ही?

मी धावतच त्या जोडप्यातल्या मुलाला गाठलं. “दादा, तुझ्या घरी कानबाई नाही का?”

“आहे ना ताई, म्हणून तर पटकन उरकायचंय.”

“मग आधी गुलाबांकडे घे. ऊन तिकडे चांगलं पडलंय. पूल तासाभराने देते तुला.”

“तुम्ही बागेच्या साहेब का?”

“आज हो,” मी म्हणाले.

त्या जोडप्यातल्या मुलीने पुलाकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली आणि त्याची बाही ओढली. “चल ना, गुलाबाकडेच जाऊ. आणि ड्रोन राहू दे आज.” तिचा संसार सुखाचा होवो.

गौरी पुलाच्या मध्यावर जाऊन थांबली. नेमकी तिथेच. हात कानांवर गेले. वडील तिला ओढायला पुढे झाले, तशा वैशालीताई खालच्या आवाजात म्हणाल्या, “थांबा. मागे कोणी नाहीये.”

त्यांनी मागे वळून पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. पुढेही नव्हतं. ते कठड्याला टेकून उभे राहिले. गौरी तशीच उभी. बऱ्याच वेळाने तिने एक कान मोकळा केला, मग दुसरा. खाली वाकून पाण्याकडे पाहिलं. आणि चालत पलीकडे गेली.

मग परत आली. मग पुन्हा गेली. नंतर नंतर तर पळत. वडिलांनी बूट काढले आणि पुलाच्या टोकाला पाय सोडून बसले. तिचा फेरा आला की पाय आखडून वाट द्यायचे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दोन बाप माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागले, त्यांचंही काही फार वेगळं चाललं नव्हतं.

निघताना एकही मूल रडलं नाही. रफीकभाईंनी वाटेत एरंडोल मागे पडल्यावर फोन केला, “ताई, अख्खी गाडी झोपलीय. बाप बी.” मी घरी पोहोचले तेव्हा अक्का दिवा न लावता माझ्यासाठी थांबल्या होत्या.

कमिटीने ट्रिप पुढेही चालू ठेवली, दरवर्षी, याच रविवारी. भाऊ आता दुसऱ्या शाळांना सांगतात, “कानबाईचा रविवार आमची स्पेशालिटी,” आणि कल्पना जणू त्यांचीच असल्यासारखे माझ्याकडे बघतात. बघू देत.

या धंद्यात गर्दी टाळायला लोक ॲप बघतात, सुट्ट्या बघतात. मी आधी कोणाच्या घरात त्या दिवशी काय शिजतंय ते विचारते. आणि घरात कोण रिकामं बसलंय, तेही.

त्या पहिल्या वर्षी, सोमवारी विसर्जन आटोपल्यावर रेखाताईचा फोन आला होता. मागे बँड वाजत होता, तिला ओरडून बोलावं लागत होतं. गौरी घरी आली ती थकून झोपली, गाण्यांनीही जागी झाली नाही. तिचे पप्पा रात्रभर तिच्या उशाशी बसले.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी?” ती म्हणाली. “कानबाई आत्ता माझ्या डोक्यावर बसून नदीवर गेली ताई.”