शंभरातले शहाण्णव

लिहिण्याइतकं माझ्याकडे काही आहे का, हे मला अजून नीट ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी लिहिल्या तरी कुणाच्या तरी खुर्चीवर न विचारता बसल्यासारखं वाटतं, त्याची आधीच माफी मागतो. पण ज्या गोष्टीविषयी लिहायचं आहे ती इतकी हलकी आहे, की तिच्याविषयी बोलायला फार मोठी लायकी लागू नये.

आमचं घर हळर्णला. कॉलेज साखळीला, म्हणून आठवडाभर मी कारापूरला मामाकडे राहतो. मामा आधी खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडल्यावर त्याने पिकअप घेतली. नारळ, चिरे, लग्नाच्या खुर्च्या, मिळेल ते भाडं तो मारतो. मामीचं घर आणि दोन मुलींची शाळा त्या एका गाडीवर चालते.

भाडं नसलं की मामा स्टँडजवळच्या हॉटेलात बसतो. तिथेच कुणीतरी त्याच्या मोबाइलवर एक लिंक पाठवली. असले खेळ बंद झाले म्हणतात, पण लिंका येतच असतात. पडद्यावर तीन चाकं, त्यांवर लिंबं, घंटा आणि मुकुट घातलेला एक राजा. बोट लावलं की चाकं फिरतात. दहा रुपये लावून चार परत आले तरी घंटा वाजतात, नाणी उडतात, राजा हसतो. सहा रुपये गेल्याचा एवढा सोहळा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

मी स्टॅटिस्टिक्स शिकतो, हे मामाला एका सकाळी घरी चहापाव खाताना एकदम आठवलं.

"प्रोफेसर, तुका येवढा गणित येता. माका सांग, ह्या मशीन देता कधी?"

"मामा, ता देना नाय. ता घेता."

"सगळेच घेतत रे. देव नारळ घेयत नाय?" मामाने पाव चहात बुडवला. "कौलाची पाकळी बघलंस मां? आधी चिकटान रव्हता. बसान रवलो की पडता. ह्याचा पण तसाच. बसाक व्हया."

मामाची चूक मला तिथे कळली, आणि ती आमच्याच भागात होऊ शकते. आमच्याकडे अडल्या कामाला देवळात कौल लावतात. पुजारी देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी जितकी सुकेल तितकी पडायला येते, म्हणून तिथे बसून राहण्याला अर्थ आहे. चाकाला काही सुकत नाही. बोट लावताच आतला आकडा ठरलेला असतो, चाकं फिरतात ती नुसती चित्रं. मागच्या शंभर वेळा हरलात हे त्याला माहीतच नसतं. दोन राजे येऊन तिसरा वरच्या घरात अडकला, की मामाला वाटतं पाकळी हलली.

मी अडखळत हे सांगितलं. मामाने सगळं ऐकलं आणि खेळाच्या माहितीचं पान माझ्यापुढे धरलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, शंभराला शहाण्णव परत.

"शाण्णव मार्क काढलेलो पोरगो वायट कसो?" तो म्हणाला. "तुका तरी पडलेत काय इतके?"

पडले नव्हते. मग मी नारळांवर आलो. "समज, तुझ्या गाडयेत शंभर नारळ. दर फेरयेक शंभरातले चार वाटेर पडतत. उरले तेच भरून तू परत निघतंस. सतराव्या फेरयेक निम्मे पण रवाचे नाय."

"इतके पडले तर मी दोरी आवळीन."

"दोरी त्यांच्या हातात असा, मामा."

मामी चुलीपाशी हसली. मामा हसला नाही. शिवाय नारळाची फेरी दिवसाला एखादी होते. मोबाइलवर अंगठ्याला एक फेरी मारायला चहाच्या घोटाएवढा वेळही पुरतो.

त्या खेळवाल्यांचा मला राग येतो म्हणणं म्हणजे त्यांना फार मान देणं होईल. घाणीवर बसलेल्या माशीचा कुणी राग धरत नाही. ज्याला साखळीच्या बाजारात सगळे "ए पिकअप" म्हणून हाक मारतात, त्याला ते रोज सकाळी "आदरणीय व्हीआयपी सभासद" असा मेसेज पाठवतात. आणि मामा तो मेसेज हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवतो.

चतुर्थीच्या थोडं आधी मामाने ठरवलं, पिकअप विकायची, पैसे खेळात एकदम लावायचे आणि जिंकून मोठा ट्रक घ्यायचा. मामी आडवी आली. शेवटी दोघांचं एवढ्यावर जमलं, की देवाला विचारायचं. मी तोवर सुट्टीला हळर्णला आलो होतो. आईच्या फोनकडे माझे कान होते. मामीचा फोन आला, डावी पाकळी पडली. दोनातली एक पडणार, यात गणित काहीच नाही, हे मला कळत होतं. तरी मी अंगणात जाऊन उगाच झाडू मारला, इतकं बरं वाटलं.

पुढे कितीतरी दिवस फोन नाही. मग येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळलं की मामाने देवळाच्या पायरीवरच वाद घातला. देवाची डावी म्हणजे समोर उभ्या माणसाची उजवी. आजवर गावात कौल देवाच्या बाजूने मोजत आले, पण गाडी काय देवाची आहे? "गाडी माझी, मगे बाजू पण माझी," असं तो पुजाऱ्याला म्हणाला. ज्याला नारळ आणि दोरीचा हिशेब पटला नाही, त्याने देवालाच अर्धा फेरा फिरवला.

चतुर्थी आटोपून गणपतीवरचं फळापानांचं माटव सुटल्यावर मामीचा फोन आला. फोन ठेवून आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी विकल्यान. पैशे पण गेले. जेना गाडी घेतल्यान, तेनाच तुझ्या मामाक डायवर ठेवल्यान."