पायरीवरचे तांदूळ

वकिलानं बायकोच्या हातातलं ओटीचं सूप हिसकावून पायरीवर उपडं केलं. तांदूळ सांडले. खण पडला. नारळ गडगडत नालीपाशी जाऊन थांबला.

"उचल," तो म्हणाला. "तुमाले सारं चालते."

साठ सालच्या आसपासची गोष्ट, अकोल्याच्या जुन्या शहरातली. वकिलाला मुलगा झाला होता. आम्हा हिजड्यांनी मांडीवर घेतलं की लेकराचं भलं होतं, म्हणून वकिलाच्या म्हाताऱ्या आईनंच निरोप धाडून बोलावलं होतं. माझी गुरू ढोलकी घेऊन आली होती. अंगणात आलेल्या प्रत्येक बाईची ओटी वकिलीणबाई भरत होत्या. मीही पदर पसरला. तिथंच वकील आडवा आला.

"याची कायची ओटी? अबे, तू त अमरावतीच्या शाळेत माह्या बाकावर होता!"

आणि त्यानं माझं जुनं नाव घेतलं. तीनदा, मोठ्यानं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ते नाव मी इथं लिहिणार नाही. त्याच नावानं हाका मारत बापानं मला छडीनं झोडपलं होतं. मी लहानपणापासून बाईच होते. बाकावरच्या या गड्यानं दोन वर्षं माझी गणितं पाहून लिहिली, तेव्हाही.

"उचल वं," गुरू कुजबुजली. "पोटासाठी सारं सोसा लागते."

सकाळपासून दोघी नुसत्या चहावर होतो. मी वाकले. हात तांदळापर्यंत गेला. तेवढ्यात म्हातारीनं बाळ माझ्यापुढे धरलं. माझी मांडी यांना चालते, पदर चालत नाही! डोक्यात सणक गेली. मी सरळ उभी राहिले.

"वकीलसाहेब, मले बाई म्हना. ओटी भरा. मंग लेकरू घेईन मांडीवर."

"नाई म्हनत. काय करशीन?"

"तुमचं लेकरू तुमच्यापाशी. तांदूळ तुमच्या पायरीवर."

म्हातारी रडायला लागली. "शाप नको देऊ वं बाई!"

म्हणाली खरी. पण भ्यालेल्या तोंडचं 'बाई' मला नको होतं. ते मला वकिलाच्या तोंडून, चारचौघांत हवं होतं. त्यानं तोंड फिरवलं. शाप मी दिला नाही. लेकराचा काय गुन्हा? पण मांडीवरही घेतलं नाही.

मोर्णा नदीचा पूल ओलांडेपर्यंत गुरू ढोलकी घेऊन माझ्या पुढे पुढे चालली. त्या दिवशी आमची चूल पेटली नाही.

आजही बोलावणं आलं की मी जाते. उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि आधी सांगते, "पयले बाई म्हना." म्हटलं नाही तर पाठ फिरवते. उपाशी राहीन, पण सांडलेलं उचलायला वाकणार नाही.