बंद नळ तपासणारी

भाचीचा दिवस त्या सोमवारी पहाटे साडेचारला सुरू झाला. माझाही. तिने मला ओढून नेलं.

मी चाळीस वर्षं नळ जोडले. खुर्चीत बसून होतं त्याला मी काम म्हणत नसे. भाची एका हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळायची. तीन महिन्यांची कच्ची नोकरी, त्या दिवशी पक्की होणार किंवा जाणार. अट एकच होती: आठला एक्स-रे विभाग उघडायच्या आत एक्स-रेचे फोटो साठवायची नवी पेटी चालू झाली पाहिजे. तिच्या आईची, म्हणजे माझ्या ताईची, कवळी त्या नोकरीवर अडली होती. दोन वर्षं ताई सगळं कुस्करून खात होती आणि वर बोबड्या शब्दांत म्हणत होती, "मला चावायची हौसच नाही."

पेटी अठ्ठावीस किलोची, डिस्कनी भरलेली. शिपाई रजेवर, म्हणून तर मला आणलं होतं. दोघांनी उचलून लोखंडी कपाटात सरकवली. एवढं मला समजलं. पुढचं तिने सांगितलं. पेटीतल्या जागेचे भाग पाडायचे आणि एकेक भाग वायरीतून एकेका सर्व्हरला द्यायचा. त्या सर्व्हरला वाटतं, डिस्क आपल्याच पोटात आहे. अशा भागाला टार्गेट म्हणतात.

"म्हणजे टाकी गच्चीवर, नळ घरात," मी म्हणालो.

"अगदी. पण एका टाकीला एकच घर. दोघांनी एकाच भागात लिहिलं तर फोटोंचा चिखल होईल."

सर्व्हरांची नावं हातभर लांब. मी कागदावरून वाचत होतो, ती टाइप करत होती.

"एक ठिपका की दोन, मामा?"

"दोन. डोळे म्हातारे झालेत, अक्कल नाही."

"तेवढं तरी बरं."

सातला एक्स-रेच्या सर्व्हरला डिस्क दिसली. तिचे साहेब खूश. "झालं! चला मॅडम, चहा घेऊ."

ती उठली नाही. "थांबा सर. ज्याला मिळायला नको, त्याच्याकडून मागून बघते."

"आता कशाला? आठ वाजतील!"

तिने औषध विभागाच्या सर्व्हरवरून तीच डिस्क मागितली. नकार यायला हवा होता. डिस्क मुकाट्याने हजर झाली.

साहेबांचा चहा राहूनच गेला. भाचीने कपाळावर हात मारला. कोणाला द्यायचं त्याची यादी तिने केली होती, पण टार्गेटला जोडायची राहिली होती. यादी जोडली नाही तर कोणालाच मिळू नये, असं आपल्याला वाटतं. ते यंत्र मात्र सगळ्यांनाच दार उघडतं.

तिने दोन्ही सर्व्हर डिस्कपासून सोडवले, यादी जोडली, पुन्हा पहिल्यापासून. एक्स-रेला मिळाली. आठला पाच कमी असताना औषधवाल्याकडून मागितली, पडद्यावर नकाराची ओळ आली आणि भाची टुणकन उडाली. नकार मिळून इतकं खूश झालेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं. आठ वाजून चार मिनिटांनी कोणाच्या तरी मोडक्या पायाचा पहिला फोटो पेटीत पडला.

जिना उतरताना विचारलं, "हे उलटं तपासणं कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. आमच्या घरी नळ बसवलात. पाणी आलं म्हणून मी नाचत होते. तुम्ही नळ बंद केलात आणि खाली कोरडी बादली ठेवून अर्धा तास बसलात."

मला आठवत नाही. पण बसलो असणार. न गळणं हे अर्धं काम असतं.

नोकरी पक्की झाली. पहिल्या पक्क्या पगारातून ताईची कवळी आली. ताईने आधी एक कडक पेरू फोडला, मग मला झापलं: "पोरीला उपाशीपोटी अठ्ठावीस किलो उचलायला लावलंस, लाज नाही वाटली?"

शब्द न् शब्द स्पष्ट होता.